सहासष्ट मिलिमीटर रबर

कानसाहेब एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यातली अडतीस वर्षं त्यांनी क्लॅरिनेट बनवण्यात घालवली होती. या अडतीस वर्षांत ते एका जागी शांत बसले असतील, तर ते फक्त आपल्या कारखान्यातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी. बाकी जगात त्यांना कुठेही बसवा, पाच मिनिटांत उठायचे आणि हाताला लागेल त्या लाकडावर टिचकी मारून कान लावायचे. न्हाव्याकडे खुर्चीच्या दांड्यावर, वकिलाकडे वकिलाच्याच टेबलावर. "अस्सल म्हणून घेतलंत का हे? भुसा दाबून केलंय हो." एवढं सांगून ते निघून जायचे आणि वकील दिवसभर टेबलाकडे संशयाने बघत बसायचा. वाद्यवृंदातल्या मंडळींनी त्यांना हे नाव दिलं ते थट्टेने. त्यांनी ते घेतलं ते पदवी म्हणून.

कारखाना म्हणजे घराच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलाशी कानसाहेब. आतल्या खोलीत कातकामाचं यंत्र म्हणजे लेथ, ट्यूबलाइट आणि भिंतीकडे तोंड करून त्यांची मुलगी. तिला घरीदारी सगळे बेबी म्हणत. बेबी छत्तीस वर्षांची होती, वाचायचा चष्मा लावायची आणि बारा वर्षं कारखान्यातलं निम्म्याहून अधिक काम तीच करत होती. पण तयार झालेलं वाद्य दाराबाहेर जायचं की नाही, हा शेवटचा शब्द खिडकीजवळच्या टेबलावरून यायचा. आणि त्या टेबलाला खुर्ची एकच होती.

बापलेकीत भांडण होतं ते व्याख्येचं. बेबी म्हणायची, क्लॅरिनेट म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब भोक, आणि ते पडू नये म्हणून भोवती लाकूड. कानसाहेब म्हणायचे, क्लॅरिनेट म्हणजे लाकूड. भोक आपलं फुंकर जायला.

"बाबा, आवाज हवेचा असतो. हवा कुठे रुंद होते, कुठे अरुंद होते, त्यावर सूर ठरतो. हवेला काय कळतंय बाहेर काय आहे ते?"

"तुला तरी कुठे कळतंय?" कानसाहेब म्हणायचे, आणि विषय संपला असं समजून उठायचे.

हे भांडण असंच सुखाने आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण वाद्यवृंदातल्या पहिल्या क्लॅरिनेटवाल्याने एका सकाळी गारठलेल्या गाडीतून आपलं वाद्य काढलं आणि तसंच घाईने फुंकलं. आतून ऊब, बाहेरून गारठा. बॅरल उभं तडकलं. बॅरल म्हणजे तोंडात धरायचा तुकडा आणि खालची लांब नळी यांच्यामधला आखूड, पिंपासारखा फुगीर तुकडा. लांबी सहासष्ट मिलिमीटर. दिसायला कुणाच्या खिजगणतीत नाही, पण हवा पहिली त्यातून जाते, आणि तिथे तिचं बिनसलं की पुढे कुणाचं ऐकत नाही.

पहिला वादक रविवारी दुपारी तडकलेला तुकडा रुमालात गुंडाळून, कुणी गेल्यासारखा चेहरा करून आला. घरात जेवणं चालली होती.

"पुढच्या आठवड्यात दौरा आहे हो कानसाहेब. नऊ गावं, आणि एकाहून एक थंड."

"मग एबोनाइटचं करू या," बेबी म्हणाली. "तडकायचा प्रश्नच नाही."

कानसाहेबांचा घास हातातच राहिला. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. जुनी फाउंटन पेनं त्याचीच असायची.

"रबर?" ते म्हणाले. "माझ्या वाद्याला रबर? टायरवाल्याकडे टाकू का मग दुरुस्तीला?"

"एकाच मापाची दोन्ही करू. एक लाकडाचं, एक रबराचं. पडद्याआड वाजवू द्या यांना. तुम्हाला ओळखता आलं तर मी रबराचं नाव काढणार नाही."

"झोपेत ओळखेन."

"आणि नाही ओळखलं तर?"

इथे शहाण्या माणसाने पाणी प्यायलं असतं. कानसाहेब उभे राहिले. "नाही ओळखलं, तर खिडकीजवळचं टेबल तुझं. खुर्चीसकट. शेवटचा शब्दही तुझा. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसेन."

"ऐकलंत ना?" बेबीने पाहुण्याला विचारलं.

"मी फक्त बॅरल मागायला आलो होतो," पहिला वादक म्हणाला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, तालमीच्या हॉलमध्ये, असं ठरलं.

सोमवारी कानसाहेबांनी कपाटावरचा काळ्या लाकडाचा ठोकळा खाली काढला. सव्वीस वर्षं तो तिथे वाळत पडला होता. पाण्यात टाकला तर बुडेल इतका जड. त्यातून त्यांनी बॅरल कातलं, भोक पाडलं, आणि मंगळवारी ते रीमरने तासून मापाला आणलं. रीमर म्हणजे लांब, निमुळत्या पात्याचं हत्यार. भोकात घालून हाताने फिरवायचं, आणि जेवढं पातं निमुळतं तेवढं भोक निमुळतं. त्यांचा रीमर त्यांनी स्वतः घडवलेला होता आणि घरात त्याला हात लावायची मुभा नव्हती. बायकोने एकदा त्याने नळीतला केर काढला होता, त्याची आठवण अजून दर वर्षी निघायची.

बॅरल झालं, आणि कानसाहेबांना करण्यासारखं काही उरलं नाही. हीच मोठी अडचण झाली. मंगळवारी दुपारपासून ते जे चालायला लागले ते थांबेनात. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून खिडकीपर्यंत सात. मधूनच थांबून ते बॅरल कानाशी धरायचे. बॅरल काही बोलायचं नाही. आतून लेथचा आवाज यायचा आणि जळक्या गंधकाचा वास यायचा, कारण एबोनाइट कातलं की ते नाकाला सांगितल्याशिवाय राहत नाही.

"अहो, बसा की एका जागी," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची बायको. सबंध घरात लाकूड आणि रबर या दोन्हींचा सारखाच कंटाळा आलेली ती एकमेव व्यक्ती असल्यामुळे शुक्रवारच्या परीक्षेत पंच म्हणून तिचीच निवड झाली होती. "फरशीला वाट पडेल."

"मी विचार करतोय."

"पायांनी?"

बुधवारी त्यांना सुचलं की रंगीत तालीम करावी. त्यांनी लाकडाचा एक उरलेला तुकडा आणि बेबीच्या टोपलीतून रबराचा एक उरलेला तुकडा बाईंच्या हाती दिला, त्यांना स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं आणि पेन्सिलीने दहा वेळा वाजवायला सांगितलं, कधी हा, कधी तो. स्वतः पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले.

"लाकूड," ते म्हणाले. "लाकूड. रबर. हे काय विचारणं झालं, लाकूड."

दहा वेळा झाल्यावर बाई कॅलेंडरच्या मागची टिपणं घेऊन बाहेर आल्या.

"किती?"

"चार."

"चारच चुकली?"

"चार बरोबर आली. शाळेत असतात तर पास झाला असतात."

कानसाहेब हसले नाहीत. ते खुर्चीत बसले, आणि हे पाहून बाई घाबरल्या, कारण बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "कान गेले की काय माझे?"

"पेन्सिल बोथट होती," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या खोटं बोलायला शिकल्या होत्या, पण चांगलं बोलायला नाही.

आता टेबलाचा प्रश्न मागे पडला आणि पुढे आला तो कानाचा. टेबल गेलं तर माणूस आत बसतो. पण कान गेले तर अडतीस वर्षं ज्या कानांनी 'हे जाऊ दे, हे परत कर' असं सांगितलं, ते कधीपासून गेले होते? पाच वर्षं? दहा? किती वाद्यं बाहेर पडली? ती रात्र त्यांनी कशी काढली ते विचारू नये.

गुरुवारी दुपारी बेबी दाढ दाखवायला दातांच्या डॉक्टरकडे गेली. बाई वरती होत्या. कानसाहेब सात पावलं चालून दारापर्यंत आले आणि या वेळी परत फिरले नाहीत. आतल्या खोलीत गेले. बेबीचं बॅरल बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसावर झोपवलेलं होतं. काळं, चकचकीत, अगदी लाकडासारखं. हा त्यांना आणखी एक अपमान वाटला.

बेत साधा होता. रीमर घालायचा आणि खालचं तोंड केसभर जास्त उघडायचं. बाहेरून काही दिसणार नाही. पण फुंकल्यावर खालचे सूर वरच्या सुरांशी बोलेनासे होतील, आणि बहिऱ्यालाही कळेल की हे रबर. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला काय म्हणतात हेही ठाऊक होतं. त्यांनी ते मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही.

रीमर आत गेला. पहिला फेरा सुरळीत गेला. दुसऱ्या फेऱ्याला, मधोमध, पातं किंचित अडलं. तिथे भोक थोडं आवळलेलं होतं. हाताला कळेल एवढंच, डोळ्याला नाही. लेथवर रबर तापलं असणार, तापून फुगलं असणार, आणि पोरीने गरम असतानाच माप घेतलं असणार. थंड झाल्यावर बसलं आत. 'घाई,' कानसाहेब मनात म्हणाले, 'कायम घाई.' मनगट आपोआप सैल झालं. अंगठ्याने बॅरल पाव वळण फिरवलं, पुन्हा रीमर, पुन्हा पाव वळण, बोटावर येणारी भुकटी बारीक होत होत पिठासारखी झाली, आणि मग पातं लोण्यातून जावं तसं गेलं. कानसाहेबांनी रीमर काढला, बॅरल उजेडाकडे धरलं, आतून बघितलं. एकही ओरखडा नाही. टोकापासून टोकापर्यंत उतार सरळ. त्यांना फार बरं वाटलं.

आणि मग आठवलं, की आपण बिघडवायला आलो होतो.

चोरी करायला शिरलेला माणूस घर झाडून, भांडी घासून निघावा तसं झालं. ते पुन्हा रीमर उचलणार, एवढ्यात बाहेरचं दार वाजलं. बॅरल डब्यात, डबा फळीवर, कानसाहेब सिंकपाशी. बेबी गालाला रुमाल लावून आली आणि अर्धं तोंड बधिर असल्यामुळे काहीतरी न कळणारं बोलून वर गेली.

त्यांनी तीनदा साबण लावला. संध्याकाळी जेवताना बाईंनी हवेत नाक वर केलं.

"हाताला कसला वास येतोय हो तुमच्या? काडेपेटी उगाळलीत का?"

"साबणाचा."

"मग तो साबण बदलते," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी तालमीच्या हॉलमध्ये कोट अडकवायच्या स्टँडवर चादर टाकून पडदा केला होता. आड पहिला वादक आणि बाई. बाईंकडे चिठ्ठ्या होत्या. निघेल त्या चिठ्ठीप्रमाणे त्या बॅरल द्यायच्या. बाकी क्लॅरिनेट तेच, तोंड तेच, फुंकणारा तोच. इकडे एका खुर्चीवर वही घेऊन बेबी आणि दुसऱ्या खुर्चीच्या आसपास कानसाहेब.

"पाय आपटू नका हो," पडद्याआडून वादक म्हणाला. "मला वाटतं ताल देताय."

पहिली फेरी. खालपासून वरपर्यंत सूर चढले, मग एक संथ ओळ. चांगलं होतं. पण मधल्या सुरांत काहीतरी घसा धरल्यासारखं होतं. "रबर," कानसाहेब म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

दुसरी फेरी. आणि कानसाहेब खुर्चीत बसले. मधले सूर घशातून सुटले होते. खालून निघालेला सूर कुठे अडखळत नव्हता, दारं सगळी उघडी असल्यासारखा वर जात होता. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या सगळ्या वाद्यांत जो होता तो, अगदी पहिल्यापासूनचा. गेले नव्हते कान. जागच्या जागी होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लाकूड," ते म्हणाले. "हे लाकूड. हे माझं."

पुढच्या चार फेऱ्यांत ते एकदाही घुटमळले नाहीत. लाकूड, रबर, रबर, लाकूड. बेबी मान खाली घालून लिहीत होती. शेवटी बाई पडद्याआडून बाहेर आल्या आणि चिठ्ठ्या वाचून दाखवल्या.

सहापैकी सहा चूक.

कानसाहेब उठून दाराकडे निघाले.

"थांबा," बेबी म्हणाली. "नुसता अंदाज केला असता तर तीनेक बरोबर आले असते. सहाच्या सहा चुकायला फरक अचूक ऐकू यावा लागतो. बाबांचे कान शाबूत आहेत."

"हे सांत्वन आहे की टोमणा?" बाईंनी विचारलं.

"गणित आहे, आई."

तेवढ्यात पहिला वादक बाहेर आला. रबरी बॅरल त्याने मुठीत असं धरलं होतं की परत मागायची सोय नव्हती. "मला हेच हवं," तो म्हणाला. "अहो, काय आहे हे! दोन्हीचं माप एकच ना? मग हे इतकं मोकळं कसं? बेबीताई, हात आहे हो तुमचा. आतून काय साफ उतार काढलाय. असा हात तर—"

"हात माझा आहे!" कानसाहेब ओरडले.

तोंडातून निघून गेलं. परत घ्यायला वाव नव्हता. चूप राहिले असते तर फक्त टेबल गेलं असतं. आता टेबलही गेलं आणि अब्रूही. पण आपल्या कामाची वाहवा डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटात वाढली जावी, हे सोसणं अडतीस वर्षांत त्यांना जमलं नव्हतं, ते आज कुठून जमणार?

"काल दुपारी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तू दाढेला गेलीस तेव्हा. बिघडवायला गेलो होतो. मधे आवळलेलं लागलं. आणि मग... झालं ते असं झालं."

वादकाने एकदा बॅरलकडे आणि एकदा कानसाहेबांकडे पाहिलं आणि मूठ आणखी घट्ट केली.

"माहीत आहे," बेबी म्हणाली.

"माहीत आहे?"

"काल सकाळी भोक मधे चौदा पॉइंट त्र्याण्णव मिलिमीटर होतं. शहाण्णव हवं होतं. संध्याकाळी करणार होते, पण तोंड बधिर, डोकं जड, झोपले. आज सकाळी मापायची गेज घातली तर शहाण्णव. मी न करताच. रबर आपण होऊन स्वतःला तासत नाही, बाबा."

"आणि तो साबणाचा वास," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी राग आला. मग फुंकून पाहिलं. राग गेला नाही, पण बॅरल ठेवलं." तिने पिशवीतून गेज काढली, बारीक, घड्याळासारखी तबकडी असलेली. "आता तुमचं द्या."

तिने ती लाकडी बॅरलमध्ये घातली आणि चष्म्यातून तबकडी वाचली. "ब्याण्णव."

"शक्यच नाही. मंगळवारी मी बरोबर शहाण्णवला आणलं होतं."

"मंगळवारी. आणि लाकडाला विश्रांती किती दिली?"

पहिल्या तासणीनंतर महिनाभर थांबायचं, लाकूड जागा बदलतं, आत सरकतं, मग पुन्हा तासायचं. हा नियम त्यांचाच होता. बारा वर्षांपूर्वी बेबीने तो पाळला नाही म्हणून त्यांनी तिचं एक अख्खं वाद्य परत पाठवलं होतं. आणि पैजेच्या नादात स्वतः ते सोमवारी कातून मंगळवारी मोकळे झाले होते.

त्यांनी खिशातून रीमर काढला. हॉलच्या खिडकीपाशी उभं राहून पाव पाव वळणाने लाकूड शहाण्णवला आणलं. बेबीने गेज घालून मान हलवली. मग कुणी न सांगताच बाई आणि वादक चादरीआड गेले आणि पुन्हा सहा फेऱ्या झाल्या.

या वेळी कानसाहेब प्रत्येक फेरीला थांबत होते, मान तिरकी करत होते, बोललेलं परत घेत होते.

"तीन," बाईंनी वाचलं.

"म्हणजे अंदाज," कानसाहेब म्हणाले.

"म्हणजे अंदाज," बेबी म्हणाली.

शनिवारी सकाळी त्यांनी आपली हत्यारं एकेक करून आत नेली. खुर्ची बेबीने ठेवून घेतली, पैजेत होती म्हणून. ट्यूबलाइटखाली भिंतीकडे तोंड करून बसायला त्यांना स्टूल मिळालं. पाच मिनिटं ते बसले. मग उठून भिंतीवर टिचकी मारली. मग ट्यूबलाइट भुणभुणते अशी तक्रार केली. मग दारापर्यंत आले, आणि इथून खिडकी दहा पावलांवर आहे हे मोजलं.

"बाबा, बसा."

"बसलोच होतो." ते तिच्या टेबलाशी घोटाळले. टेबलावर एक क्लॅरिनेट सुट्टं करून पडलं होतं. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

"बघा ना," बेबी म्हणाली. "वरच्या नळीत कुठेतरी अडतंय. गेजला सापडत नाही."

त्यांनी रीमर घातला, डोळे मिटले, अर्धा फेरा. "इथे." नखाने खूण केली. "आणि हे आज जाणार नाही."

"शेवटचा शब्द माझा आहे."

"तूच म्हण की मग."

"आज जाणार नाही," बेबी म्हणाली.

कानसाहेब तृप्त होऊन सात पावलं चालले, वळले, परत आले. तिच्या टेबलाखाली एबोनाइटचा नवा, न कातलेला दांडा उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"बेबी, तो दांडा जरा इकडे दे."

"कशाला?"

"काही नाही गं," कानसाहेब म्हणाले. "नुसता वास बघतो."